दुपारी दोन ते साडेतीन

पेंटर दुपारी दोनला झोपायचे आणि साडेतीनला उठायचे. या दीड तासात घराला आग लागली तरी त्यांना उठवायचं नाही, असा घरचा नियम होता. नियम त्यांनीच केलेला. घरात नवराबायको दोघंच, त्यामुळे तो मोडायची हिंमत करायची झाली तर ती काकूंनीच करायला हवी होती, आणि काकूंनी ती कधी केली नाही. उलट आतल्या खोलीतून घोरणं सुरू झालं की त्यांना हायसं वाटायचं. मग त्या चपला काढून अनवाणी बाहेरच्या खोलीत यायच्या, इझलवरच्या चित्रासमोर उभ्या राहायच्या आणि पेंटरांनी सकाळभर खपून काढलेले डोळे दुरुस्त करायच्या.

हे एकोणीस वर्षं चाललं होतं आणि या कानाचं त्या कानाला कळलेलं नव्हतं.

पेंटर मूळचे पाट्या रंगवणारे. दवाखाना, शिंपी, सायकल दुरुस्ती, इथे थुंकू नये, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांचं अक्षर इतकं देखणं की 'इथे थुंकू नये' वाचायला माणसं मुद्दाम थांबायची आणि थांबल्यावर थुंकायची. मग फ्लेक्सचे दिवस आले. पंधरा मिनिटांत छापून मिळणाऱ्या फलकापुढे आठ दिवस घेणाऱ्या माणसाचा काय निभाव लागणार? तीन महिने पेंटर खिडकीत बसून रस्त्यावरच्या फलकांमधल्या चुका काढत होते. रोज चाळीसएक सापडायच्या आणि त्या सगळ्या काकूंना ऐकाव्या लागायच्या. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याने स्वर्गवासी वडिलांचा फोटो आणून दिला आणि याचं मोठं चित्र काढा म्हणाला, तेव्हा पेंटरांइतकाच काकूंचाही जीव भांड्यात पडला.

चित्र सुरेखच झालं. कोटाची गुंडी हाताने काढून घ्यावी अशी आणि मिशी फुंकर मारली तर हलेल अशी. डोळ्यांचं मात्र गणित बिघडलं. पाटी लिहिणारा माणूस डावीकडून उजवीकडे जातो, एक अक्षर पुरं झालं की मागे वळून बघत नाही. पेंटरांनी डोळेही तसेच लिहिले. आधी एक संपवला, मग पुढे सरकून दुसरा. त्यामुळे शिंप्याचे वडील एका डोळ्याने समोरच्याकडे बघत होते आणि दुसऱ्याने दाराकडे, म्हणजे कुणी देणेकरी येतोय की काय अशा बेताने. पेंटरांना स्वतःला ते दिसत नव्हतं. ते खूश होऊन झोपायला गेले.

काकूंना दिसलं, कारण दिसणं हा त्यांचा धंदाच होता. त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या, आजही आहेत. दुकान एक ते चार बंद, म्हणून दुपारी घरी. गिऱ्हाईकाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं आणि काचेवर बरोबर तिथे खूण करायची, हे त्यांचं काम. अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झालं की माणसाचं डोकं धरतं आणि तो भांडायला येतो. बावीस वर्षांत त्यांच्याशी कुणी भांडलेलं नव्हतं. माणसं त्यांना नावाने नव्हे तर अंतराने आठवायची. बँकेतले साहेब चौसष्ट, औषधवाला एकसष्ट, आणि शाळेच्या मोठ्या बाई साडेएकोणसाठ.

पेंटरांना तोंडावर सांगायचा मार्ग बंद होता. त्यापूर्वी एकदा एका पाटीवर काढलेल्या माणसाबद्दल काकूंनी सहज म्हटलं होतं की नाक किंचित डावीकडे गेल्यासारखं वाटतंय. पेंटरांनी आठ दिवस ब्रशला हात लावला नाही आणि नवव्या दिवशी, आपण आता चौकीदाराची नोकरी धरावी म्हणतो, असं जाहीर केलं. काकूंनी तेव्हाच कानाला खडा लावला. म्हणून शिंप्याच्या वडिलांच्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. घोरणं सुरू झाल्यावर त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश उचलला, बाहुली दोन केसांइतकी आत सरकवली, उजेडाचा ठिपका दुसऱ्या डोळ्याशी जुळवला आणि ब्रश पुसून जागेवर ठेवला. संध्याकाळी शिंपी आला आणि चित्रासमोर उभा राहून रडायला लागला. वडील माझ्याकडेच बघतायत, म्हणाला.

तिथून पेंटरांचा नवा धंदा सुरू झाला आणि त्यांच्या चित्रातल्या डोळ्यांचं नाव झालं. लोक विचारायचे, हे जमतं कसं? पेंटर खुर्चीत मागे रेलून सांगायचे की डोळा काढायचा नसतो, त्याला थोडा वेळ एकटं सोडायचं असतं. आपण खोलीत थांबायचं नाही, तो आपला आपण उमलतो. हे भाषण काकूंनी चहाचे कप हातात धरून शंभरदा तरी ऐकलं असेल. दर वेळी त्यांना हसू यायचं, आणि दर वेळी त्या कप भरायच्या निमित्ताने आत जायच्या.

यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काकू मुळात डावखुऱ्या. पण शाळेत मोठ्या बाईंच्या वर्गात डाव्या हाताने लिहिलेलं चालायचं नाही. बाईंनी लाकडी पट्टीने तो हात महिनाभर समजावला आणि काकू उजव्या झाल्या. त्या लिहायच्या उजव्याने, जेवायच्या उजव्याने, लोकांसमोर सगळं उजव्याने. अगदी बारीक काम आलं की मात्र डावा हात न विचारता पुढे यायचा. म्हणून दुकानात काचेवर खूण करायची ती त्या गिऱ्हाईकाकडे पाठ फिरवून करायच्या. हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं, निदान काकूंचा तसा समज होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मोठ्या बाईंना नव्वदावं लागलं आणि शाळेने ठरवलं की त्यांचं मोठं चित्र सभागृहात लावायचं. बाईंना समोर बसवून चित्र काढायची कुणाची छाती नव्हती, म्हणून फोटोवरून काढायचं ठरलं. काम पेंटरांकडे आलं. पेंटर त्याच शाळेचे. बाईंनी एकदा त्यांच्या वहीवर 'अक्षर बरे' असा शेरा दिला होता आणि ती वही अजून कपाटात होती. हे चित्र चुकलं तर मी तोंड दाखवणार नाही, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि काकूंना माहीत होतं की हे बोलणं नुसतं बोलणं नव्हे.

शाळेच्या चिटणीसांनी एक अट घातली. मागे संस्थापकांचं चित्र म्हणून एकाने फोटोच कॅनव्हासवर छापून वर वार्निश फासून दिला होता, आणि वर्षभरात संस्थापक उजव्या कानापासून सोलायला लागले होते. तेव्हा यावेळी कोऱ्या कॅनव्हासपासून सहीपर्यंत सगळ्या कामाचा टाइम-लॅप्स व्हिडिओ हवा. फोन एका जागी उभा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू, मधे बंद करायचा नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ चित्राशेजारी दिसलं पाहिजे. अनावरणाच्या दिवशी तोच व्हिडिओ सभागृहात दाखवायचा.

पेंटरांना यात अपमान वाटला आणि गंमतही वाटली. त्यांची लेक दुसऱ्या गावी असते. तिने पार्सलने स्टँड पाठवला आणि फोनवरून धडे दिले. दर दहा सेकंदांना एक फोटो निघतो, मग ते सगळे फोटो भराभर पळतात, की झाला टाइम-लॅप्स. फोन काकूंचा घेतला, कारण पेंटरांच्या फोनला बटणं होती. पहिल्या दिवशी सरावासाठी त्यांनी एक फुलदाणी रंगवली. संध्याकाळी दोघं व्हिडिओ बघायला बसले. त्यात सुरुवातीला फुलदाणी होती, शेवटी फुलदाणी होती, आणि मधे पाऊण मिनिट पेंटरांचं टक्कल होतं.

"चार तास मी एवढा वाकतो?" पेंटरांनी विचारलं.

काकू म्हणाल्या की वाकता, पण टक्कल छान आलंय, प्रकाश चांगला पडलाय. पेंटरांना खरा धक्का दुसराच होता. चार तासांचं काम पाऊण मिनिटात संपतं, मग उरलेला वेळ आपण नेमकं काय करत होतो, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टँड मागे घेतला, चार पावलांवर, म्हणजे इझल, घड्याळ, दोन्हीकडच्या खिडक्या आणि इझलच्या पलीकडचं आतलं दार असं सगळं मावलं. तेव्हा मधेच धाकट्या नणंदेचा फोन आला आणि टाइम-लॅप्स बंद पडला. तिसऱ्या दिवशी लेकीने फोन विमानातल्या सोयीवर टाकायला शिकवलं, आणि त्यानंतर कुणी भेटलं की पेंटर सांगायचे, फोन करू नका, आमचा फोन विमानात बसलाय. चौथ्या दिवशी त्यांना कॅमेऱ्याची सवय झाली, आणि ती जास्तच झाली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दर दहा सेकंदांनी हनुवटीला हात लावून विचारात पडायला सुरुवात केली. त्या दिवशी फुलदाणीला एकच पान फुटलं.

मग मोठ्या बाईंचं चित्र सुरू झालं आणि पेंटर कॅमेरा विसरले. काम असं काही रंगलं की काकू दुकानात निघतानाही दारात रेंगाळायच्या. पहिल्या चार दिवसांत केस आले, खादीचा पांढरा कपडा आला, टेबलावर ठेवलेले हात आले. ते हात बघून काकूंचा डावा तळवा आपोआप मिटला. पाचव्या दिवशी सकाळी पेंटरांनी डोळे घेतले. काकू दीडला घरी आल्या आणि त्यांनी दारातूनच चित्राकडे बघितलं.

मोठ्या बाई उजव्या डोळ्याने समोर बघत होत्या. डाव्याने दाराकडे.

पेंटर जेवले, खूश होते, डोळे सोडलेत उमलायला म्हणाले आणि दोनला आत गेले. घोरणं सुरू झालं. काकू अनवाणी बाहेर आल्या आणि स्टँडमागे उभ्या राहिल्या. समोर इझल, शेजारी घड्याळ, आणि मधे त्यांचाच फोन, डोळा न मिटता बघत असलेला. फोनवर रुमाल टाकावा तर घड्याळ पळालेलं दिसणार आणि चिटणीस म्हणणार, इथे काय लपवलंत. काही न करावं तर बाई सभागृहात कायमच्या दाराकडे बघत राहणार, शाळेची पोरं पिढ्यानपिढ्या हसणार, आणि पेंटर उरलेला जन्म चौकीदार होणार. आणि करावं तर सगळ्या गावासमोर पडद्यावर दिसणार की पेंटरांचे डोळे पेंटरांचे नव्हेत.

काकूंनी फोनच्या पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यात निघालेल्या फोटोंचा आकडा होता. तो बदलला. त्यांनी मनात मोजलं. दहाला पुन्हा बदलला. म्हणजे दोन फोटोंच्या मधे फोन काही बघत नव्हता, आणि तेवढे दहा सेकंद त्यांचे होते.

चार पावलं जायला तीन सेकंद, यायला तीन, मधे चार. वय एकसष्ट, गुडघे त्याहून मोठे. काकूंनी पदर खोचला, आकडा बदलायची वाट बघितली आणि धावल्या. ब्रश उचलायलाच चार सेकंद गेले, तशाच परत आल्या. दुसऱ्या फेरीत काळा रंग घेतला. तिसऱ्या फेरीत पहिला स्पर्श झाला. मग त्यांना लय सापडली. आकडा, धाव, टेक, परत. मधेच चष्मा घसरून पडला, तो उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या, तेव्हा दोनतीन फोटो तरी निघाले असावेत. एकदा उलट्या मोजणीत गोंधळ होऊन त्या थेट फोनकडे बघत उभ्या राहिल्या. त्या दुपारी घोरणंही नेहमीपेक्षा जवळून येतंय असं त्यांना वाटलं, पण त्यांचं लक्ष एक तर आकड्यात, नाहीतर बाहुलीत. पावणेतासात डावा डोळा साडेएकोणसाठवर आला. उजेडाचे ठिपके मात्र राहिले, कारण काकूंच्या छातीत भाता चालला होता आणि पुढची धाव जमेना.

संध्याकाळी पेंटर टर्पेंटाइन आणायला बाहेर पडले आणि काकूंनी फोन हातात घेतला. आपण किती सापडलो ते बघायचं आणि जमलं तर लेकीला विचारून तेवढं उडवायचं, असा त्यांचा बेत होता.

त्या चांगल्याच सापडल्या होत्या. दोन वाजल्यानंतर चित्राच्या आजूबाजूला एक टाच यायची, एक कोपर यायचं, पदराचं टोक यायचं. एकदा नुसती वाकलेली पाठ. एकदा पूर्ण चेहरा, चोरी करताना पकडलेल्या माणसाचा. काकूंना स्वतःलाच हसू आवरेना. आणि मग त्यांचं हसू तोंडातच राहिलं, कारण इझलच्या पलीकडे आतल्या दारात काहीतरी चमकलं.

ते टक्कल होतं. ते त्या चांगलंच ओळखत होत्या.

दोन सेकंद ते दारात दिसलं. काकूंनी हिशोब केला, दोन सेकंद म्हणजे खरी दहा मिनिटं. दहा मिनिटं पेंटर दारात उभे राहून त्यांची धावपळ बघत होते. खांदे हलत होते, आणि तोंड सारखं उघडत आणि मिटत होतं. घोरणं तर एकदाही थांबलं नव्हतं. काकूंनी व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा बघितला. संशयच नको. ते उभ्याने घोरत होते.

त्या खाली बसल्या आणि काही सुचेना म्हणून व्हिडिओ पहिल्या दिवसापासून लावला. पहिला दिवस, नुसती रेघांची बाई. घड्याळात दोनला पाच कमी. पेंटर खुर्चीतून उठतात. डावीकडची खिडकी लावून घेतात, उजवीकडची उघडतात. सगळ्यात बारीक ब्रश धुतात, पुसतात आणि इझलच्या डाव्या बाजूला ठेवतात, दांडी बाहेर करून. थेंबभर काळा, थेंबभर पांढरा ताजा काढून ठेवतात. आणि आत जातात. साडेतीनला येतात, उजवी खिडकी बंद, डावी उघडी, ब्रश परत उजवीकडे. दुसरा दिवस, तेच. तिसरा, चौथा, तेच. डोळ्यांचा अजून पत्ताही नव्हता, तरी तेच.

रोज घडणारी ही गोष्ट काकूंना कधी दिसली नव्हती. पळत्या चित्रांमध्ये ती कवायतीसारखी दिसली. खिडकीबद्दल कधी विचार केलाच तर त्यांना वाटायचं, ऊन लागू नये म्हणून लावत असतील. पण उजेड कुठून हवा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो, नाहीतर आपल्याच हाताची सावली कामावर पडते. उजवीकडून उजेड फक्त एकाच माणसाला लागतो, जो डावखुरा आहे. आणि त्या डावखुऱ्या आहेत हे फक्त त्याच माणसाला कळू शकत होतं, ज्याने त्यांना त्या खोलीत एकट्या असताना बघितलं होतं.

पेंटर टर्पेंटाइनची बाटली घेऊन आले तेव्हा काकू फोन मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी पडदा पुढे केला. पेंटरांनी चष्मा वर करून बघितला.

"टक्कल माझंच दिसतंय," ते म्हणाले.

"कधीपासून माहीत आहे?"

"शिंप्याच्या वडिलांपासून. पाणी प्यायला उठलो होतो."

काकूंना आधी राग आला. एकोणीस वर्षं आपण अनवाणी पायांनी चोरासारख्या फिरलो, आणि हा माणूस आत पडून नुसता आवाज काढत होता. त्यांनी विचारलं की मग ते उमलण्याचं भाषण कशाला द्यायचात सगळ्यांना. पेंटर म्हणाले की त्यात खोटं काही नव्हतं, आपण खोलीतून जायचो आणि परत आलो की ते उमललेले असायचे.

"मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही ब्रश खाली ठेवाल," काकू म्हणाल्या.

"ठेवलाच ना. रोज. तुझ्या बाजूला."

पेंटर बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिले. मग तेच म्हणाले की पहिल्या वर्षी दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं. "पण बोललो असतो आणि तू लाजून थांबली असतीस तर? मला डोळे येत नाहीत गं. पाटीवाला माणूस मी. रोज दोन वाजता भीती वाटायची, आज ही आली नाही तर."

काकूंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की हा व्हिडिओ शाळेत जाता कामा नये, लेक मधला भाग काढून देईल, इतक्या वर्षांचं नाव एका दुपारी जाईल. पेंटरांनी मान हलवली. मोठ्या बाईंचं चित्र आहे, म्हणाले, बाईंपुढे खोडलेलं पान मी कधी नेलं नाही. आणि उद्या धावू नकोस, गुडघे जातील. ठिपके राहिलेत ना, खुर्ची ठेवतो.

दुसऱ्या दिवशी खरंच खुर्ची होती. टाइम-लॅप्समध्ये सहावा दिवस म्हणून जे दिसतं त्यात दोन वाजल्यावर एक बाई निवांत येऊन बसते, डाव्या हाताने चार वेळा टेकवते आणि उठते. सातव्या दिवशी संध्याकाळी पेंटरांनी सही केली. मग ब्रश काकूंच्या हातात दिला. काकू नको नको म्हणत असताना दोघांची जी ओढाताण झाली, तीही त्यात आहे. खाली दोन सह्या आहेत, एक सुवाच्य आणि एक वाकडी.

अनावरणाला सभागृह भरलं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत काठीवर हात ठेवून बसल्या. दिवे मालवले, व्हिडिओ सुरू झाला, आणि पाचव्या दिवसापर्यंत सगळे वाहवा करत होते. मग टाच आली, कोपर आलं, वाकलेली पाठ आली, आणि सभागृह हसायला लागलं. दारात टक्कल उगवलं तेव्हा तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चिटणीस मात्र हसले नाहीत. त्यांनी दिवे लावायला सांगितले आणि घसा साफ करून विचारलं की हे काय समजायचं, चित्र नेमकं कुणाचं.

पेंटर उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाकी सगळं माझं," ते म्हणाले. "डोळे हिचे आहेत. आजवरचे सगळे."

सभागृहात शिंपी होता, बँकेतले साहेब होते, औषधवाला होता. सगळ्यांच्या घरात भिंतीवर कुणी ना कुणी बघत होतं. तेवढ्यात काठीचा आवाज झाला. मोठ्या बाईंनी काकूंना पुढे बोलावलं. काकू गेल्या आणि समोर उभ्या राहिल्या, चौथीत राहायच्या तशा.

"हात पुढे कर," बाई म्हणाल्या.

काकूंनी उजवा हात पुढे केला.

"तो नव्हे."

काकूंनी डावा हात उलगडला, आणि एकसष्टाव्या वर्षी सवयीने डोळे मिटून घेतले. बराच वेळ काही झालं नाही. मग तळव्यावर काहीतरी टेकलं. तो बाईंचा हात होता, हलका आणि कोरडा.

"हा मी बदलायला नको होता," बाई म्हणाल्या. मग चिटणीसांकडे न बघता त्यांनी सांगितलं की चित्र लावा, डोळे माझेच आहेत.

त्यानंतर काम कमी होईल म्हणून काकू धास्तावल्या होत्या. ते वाढलं, आणि लोक आता घरी येऊन काकूंकडेच बघत बोलायला लागले, त्याचा पेंटरांना थोडा राग यायचा. पुढचं चित्र निवृत्त पोस्टमनचं होतं. टाइम-लॅप्सही चालू, कारण आता सगळ्यांना तो हवाच असायचा. दोनला पाच कमी असताना पेंटरांनी उघडपणे खिडक्या बदलल्या, ब्रश डावीकडे ठेवला, खुर्ची मांडली आणि आत जाऊन पडले.

काकू चपला घालूनच आल्या. खुर्चीत बसल्या, ब्रश उचलला, काळा घेतला आणि बाहुलीवर नेला. हात स्थिर होईना. त्यांनी खुर्ची सरकवून बघितली, श्वास धरून बघितला. उजेड बरोबर होता, ब्रश बरोबर होता, तरी एकोणीस वर्षांत कधी न थरथरलेला हात थरथरत होता. घर अगदी शांत होतं. आता चोरायचं काही उरलं नव्हतं, म्हणून आत पेंटर नुसते पडून होते.

काकूंनी ब्रश खाली केला आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, घोरा की जरा."

मग आतून आवाज सुरू झाला, नेहमीचा, दमदार. काकूंनी पुन्हा ब्रश उचलला आणि कामाला लागल्या.